ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन: प्रेडिक्शन कसं टाकायचं आणि निकाल लागल्यावर कसं वागायचं

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार जवळ आला की ओहायो आणि मिशिगनमधल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एकच विषय सुरू होतो, यंदा कोण. सुट्टी असते, घरी पाहुणे असतात, पोरं हॉस्टेलवरून आलेली असतात, आणि काही घरांत तर पोरगी अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकतेय नि तिचा भाऊ कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये, म्हणजे एकाच सोफ्यावर दोन रंगांच्या जर्सी. मग जो तो ३५-१०, ४२-७ असं काहीतरी टाकतो, खाली दहा इमोजी, आणि मॅच संपल्यावर अर्धे लोक गायब आणि अर्धे लोक एकमेकांना लागेल असं बोलून बसतात. नवीन आलेली मुलं दरवर्षी विचारतात की हे सगळं नीट फॉलो कसं करायचं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे की नुसता स्कोअर टाकू नका, त्याखाली कारण लिहा, आणि मॅचनंतर त्या कारणाशीच निकाल ताडून बघा, मॅच बघायची मजा त्याने कितीतरी वाढते.

आधी थोडं बॅकग्राउंड. हा अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे. ही मॅच पहिल्यांदा १८९७ ला अ‍ॅन आर्बरला झाली, मिशिगन ३४-० ने जिंकलं. १९१८ पासून दरवर्षी होतेय, मधे फक्त २०२० ला कोविडमुळे रद्द झाली. १९३५ पासून जवळपास नेहमीच ही दोघांचीही रेग्युलर सीझनची शेवटची मॅच असते, त्यामुळे वर्षभर काय केलंत त्याचा हिशोब इथेच होतो. आणि भांडण फुटबॉलच्याही आधीचं आहे, १८३५ ला टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडून मिलिशिया उभी राहिली होती, शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला उत्तरेचा अप्पर पेनिन्सुला मिळाला. बेळगावचा वाद ऐकत मोठं झालेल्या माणसाला या दोन राज्यांचं नातं समजायला वेळ लागत नाही.

मॅचच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली दिसते. मिशिगनला हरवलं की खेळाडूंना सोन्याच्या छोट्या पँटच्या आकाराचं पेंडंट मिळतं, ही प्रथा १९३४ पासूनची. स्टेडियम दोन्ही अवाढव्य, मिशिगनचं १,०७,६०१ सीटचं आणि ओहायो स्टेटचं १,०२,७८० चं. पहिल्यांदा जाणार असाल तर थर्मल घालूनच जा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आता प्रेडिक्शन.

सगळ्यात आधी रँकिंग बघून निर्णय घ्यायची सवय सोडा. ओहायो स्टेट १९६९ ला एक नंबरवर होतं, सलग २२ मॅच जिंकून आलं होतं, समोर मिशिगनचा बो शेमबेकलर, कोच म्हणून त्याचं तिथलं पहिलंच वर्ष आणि तो स्वतः ओहायो स्टेटचा कोच वूडी हेजचा जुना असिस्टंट, आणि मिशिगन २४-१२ ने जिंकलं. तिथून पुढची दहा वर्षं या दोघांची जी जुंपली त्याला लोक टेन इयर वॉर म्हणतात, हिशोब बोच्या बाजूने ५ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. पुढे १९९३, १९९५ आणि १९९६ असं तीन वेळा ओहायो स्टेट एकही मॅच न हरता आलं आणि तिन्ही वेळा मिशिगनकडून हरलं. उलटंही होतं, २०१८ ला मिशिगन फेव्हरिट होतं आणि ओहायो स्टेटने ६२-३९ ने धुतलं. २०२१, २०२२ आणि २०२४, तिन्ही वेळा ओहायो स्टेट फेव्हरिट, तिन्ही वेळा जिंकलं मिशिगन. याचा अर्थ फेव्हरिट नेहमी हरतं असा काढू नका हां, २०२५ ला ओहायो स्टेट एक नंबर म्हणूनच अ‍ॅन आर्बरला गेलं आणि २७-९ ने जिंकून आलं. अर्थ एवढाच की बाकीच्या सीझनवरून या एका दिवसाचा अंदाज अर्धवटच लागतो. "यांनी त्यांना हरवलं, त्यांनी ह्यांना हरवलं, म्हणजे हे यांना हरवणार" हे गणित तर या मॅचला अजिबात लावू नका.

तसंच घरचं मैदान. लोक होमला फार भाव देतात, पण शेवटच्या पाच मॅच बघा, २०२१ आणि २०२३ ला यजमान जिंकले, २०२२, २०२४, २०२५ ला पाहुणे. मी तरी होमसाठी फार तर दोन-तीन पॉइंट धरते, त्याहून जास्त नाही.

मग सुरुवात कुठून करायची? स्प्रेडपासून, म्हणजे पैजांचा बाजार कोण किती पॉइंटने जिंकेल म्हणतो त्या आकड्यापासून करा. इथे पैसे लावायला सांगत नाहीये, अजिबात नाही, विद्यार्थ्यांनी तर लांबच राहावं, पण स्प्रेड हा आकडा फुकट बघायला मिळतो आणि त्यात बरीच माहिती असते. ओहायो स्टेट उणे ७ लिहिलं असेल तर बाजाराच्या मते ते साधारण ७ ने जिंकणार. शेजारी टोटल असतं, म्हणजे दोघांचे मिळून किती पॉइंट होतील. समजा टोटल ४५ आणि स्प्रेड ७, तर ४५ आणि ७ ची बेरीज ५२, त्याचं निम्मं २६, आणि ४५ मधून २६ गेले १९. म्हणजे बाजार म्हणतोय २६-१९. ही तुमची सुरुवातीची रेघ, आता तुम्हाला या रेघेच्या वर जायचंय की खाली आणि का, तेवढंच ठरवायचं.

आणि स्कोअर खरा वाटेल असा द्या. टचडाउनचे (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये नेला की) ६, त्यानंतरच्या किकचा १, म्हणजे बहुतेक वेळा ७, फील्ड गोलचे (खांबांमधून किक मारली की) ३. त्यामुळे स्कोअर सात आणि तीनच्या बेरजांतून बनतात, २७-२०, २४-१७, ३०-२४ असे. २६-१९ ऐवजी २७-२० लिहा. फरकही बऱ्याचदा ३ किंवा ७ चा निघतो. कोणी २९-१५ टाकलं की त्याने नुसतेच आकडे टाकलेत हे जुन्या लोकांना लगेच कळतं.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. दोन्ही टीमच्या लाइन बघा, म्हणजे पुढे एकमेकांना भिडणारी ती जाडजूड पोरं. टीव्हीवर कॅमेरा बॉल फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो झेलणारे रिसीव्हर यांच्यावर असतो, हायलाइटही त्यांचेच, पण ही मॅच बऱ्याचदा बॉल हातात धरून पळण्यावर ठरते. २०२१ ला मिशिगनने रनवर २९७ यार्ड काढले, ओहायो स्टेटने ६४, हसन हॅस्किन्सने एकट्याने ५ टचडाउन केले, निकाल ४२-२७. २०२२ ला मिशिगनचे रनवर २५२ यार्ड, त्यातले २१६ एकट्या डोनोव्हन एडवर्ड्सचे, निकाल ४५-२३. २०२४ ला १७२ विरुद्ध ७७, पुन्हा मिशिगन. त्या आधीचं उदाहरण हवं असेल तर १९९५, टिम बियाकाबुटुकाने ३१३ यार्ड पळून काढले आणि नाबाद ओहायो स्टेट घरी पाठवलं. म्हणून प्रेडिक्शन टाकायच्या आधी शेवटच्या तीन-चार मॅचमध्ये दोघांनी रनवर किती काढले आणि समोरच्याला किती दिले एवढे चार आकडे बघाच, दहा मिनिटांचं काम आहे, कुठल्याही स्कोअरच्या साइटवर बॉक्स स्कोअरमध्ये मिळतात.

२०२४ ची मॅच मी कोणालाही हा खेळ शिकवताना पहिल्यांदा दाखवते, कारण त्यात सगळंच आहे. ३० नोव्हेंबर, कोलंबस. मिशिगन सहा जिंकून पाच हरून आलेलं, रँकिंगमध्ये नाही, त्यांचा सगळ्यात भारी कॉर्नरबॅक विल जॉन्सन आणि टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड दोघंही बाहेर, स्प्रेड विसाच्या आसपास. ओहायो स्टेटकडे देशातले सगळ्यात डेंजर रिसीव्हर. कागदावर मॅच संपलेलीच. आणि झालं काय, तर ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा मधोमध रन करत राहिलं, म्हणजे जिथे मिशिगनचे डिफेन्सिव्ह टॅकल मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे, नेमकं तिथेच. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन इंटरसेप्शन, म्हणजे फेकलेला बॉल समोरच्यांनीच पकडला, पहिलं तर स्वतःच्याच एंड झोनच्या तोंडाशी आणि त्यातून मिशिगनचा एकमेव टचडाउन. ओहायो स्टेटच्या किकरचे दोन फील्ड गोल हुकले, तेही चाळीस यार्डच्या आतले, आणि मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने ५४ यार्डवरून मारला. हाफटाइमला १०-१०. दुसऱ्या हाफमध्ये दोघांचे मिळून फक्त ३ पॉइंट. शेवटी थर्ड डाउनला (दहा यार्ड काढायला चार प्रयत्न मिळतात, ते डाउन, आणि दहा काढले की पुन्हा फर्स्ट डाउन) सहा यार्ड हवे असताना मिशिगनचा कॅलेल मुलिंग्ज २७ यार्ड पळाला, झ्वाडाने ४५ सेकंद बाकी असताना २१ यार्डवरून किक मारली, १३-१०. यातून शिकायचं हे की स्प्रेड मोठा असला तरी कमकुवत टीम कोणत्या एका रस्त्याने जिंकू शकते तो रस्ता आधी शोधून लिहायचा. त्या वर्षी तो रस्ता मधल्या दोन टॅकलमधून जात होता आणि ते दोघं तिथे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

किकर बघाच, लोक बघत नाहीत. सीझनमध्ये चाळीसच्या आत किती हुकलेत, पन्नासच्या वर किती मारलेत. टाइट मॅच असेल असं तुमचं म्हणणं असेल तर किकरबद्दल एक ओळ हवीच.

हवामानाबद्दल थोडं. थंडी आणि बर्फ बघून लगेच स्कोअर निम्मा करू नका. भुरभुर बर्फात पास चालतात, रिसीव्हरला कुठे वळायचं हे आधीच माहीत असतं, डिफेंडरलाच घसरायला होतं. खरा त्रास वाऱ्याचा, वाऱ्यात लांबचे पास आणि किक दोन्ही बिघडतात, म्हणून फोरकास्टमध्ये आधी वाऱ्याचा स्पीड बघा. टोकाचं उदाहरण म्हणजे १९५० ची स्नो बोल, कोलंबसला बर्फाच्या वादळात खेळली गेलेली. मिशिगनला अख्ख्या मॅचमध्ये एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही आणि तरी ते ९-३ ने जिंकले, कारण सगळे पॉइंट त्यांनी ओहायो स्टेटचे पंट (बॉल लांब टोलवून समोरच्याला देऊन टाकायची किक) अडवून मिळवले, एकदा सेफ्टीचे २ आणि एकदा टचडाउन. दोन्ही टीमनी मिळून ४५ पंट मारले त्या दिवशी! असं हवामान दिसलं तरच स्कोअर एकदम खाली आणा.

टायमिंग. बिग टेनच्या, म्हणजे या दोन्ही टीम ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या नियमाने दोन्ही टीमना किकऑफच्या निदान दोन तास आधी कोण खेळणार, कोण नाही याचा रिपोर्ट द्यावा लागतो. मॅच साधारण दुपारी १२ ला असते, म्हणजे रिपोर्ट १० पर्यंत येतो. भारतात बघणाऱ्यांसाठी मॅच रात्री १०:३० ला, रिपोर्ट ८:३० ला, आणि मॅच साडेतीन तास तरी चालते म्हणजे दोन वाजतात, पुण्यात बसून भाचीच्या कॉलेजसाठी जागणारे मामा-मामी आमच्या ग्रुपवर आहेत, त्यांचं खरंच कौतुक वाटतं. तर दोन प्रेडिक्शन टाका, एक गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर मोकळेपणाने, आणि एक रिपोर्ट बघून फायनल. बदललंत तर का बदललंत ते लिहा. किकऑफनंतर एडिट नाही, हा नियम ग्रुपवर आधीच सांगून ठेवा.

पोस्ट कशी असावी? साधारण अशी: "मिशिगन २०, ओहायो स्टेट २४. कारण: ओहायो स्टेटची लाइन मागच्या तीन मॅचमध्ये रनवर दीडशेच्या वर गेलीये. माझं चुकू शकतं जर: मिशिगनने पहिल्या हाफमध्ये दोन टर्नओव्हर काढले." (टर्नओव्हर म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावणं.) बस. तीन ओळी. ती तिसरी ओळ लोक टाळतात आणि खरं तर तीच सगळ्यात उपयोगी, कारण मॅच चालू असताना तुमचं लक्ष बरोबर त्या गोष्टीवर राहतं. काकांनी एका टीमचं नाव घेतलं म्हणून पुतण्याने गप्प बसू नये आणि पुतण्याने "काका, तुम्हाला काय कळतंय" असंही म्हणू नये, कारण लिहिलेलं असलं की बोलणं त्या कारणावर होतं, माणसावर जात नाही.

आता रिअ‍ॅक्शन. मॅच चालू असताना पहिल्या क्वार्टरमध्ये निकाल जाहीर करू नका. २०२५ ला मिशिगन ६-० ने पुढे होतं, मग अख्ख्या मॅचमध्ये त्यांचा एकही टचडाउन झाला नाही, नऊच्या नऊ पॉइंट फील्ड गोलचे. २०२२ ला हाफटाइमला ओहायो स्टेट २०-१७ ने पुढे होतं, संपलं ४५-२३ वर, तेही उलट बाजूने. हाफटाइमला लिहायचंच असेल तर कोण पुढे आहे त्यापेक्षा रनचे यार्ड, टर्नओव्हर आणि तुमची ती तिसरी ओळ, एवढ्याबद्दल लिहा.

रेफरीचा एखादा कॉल येणारच. २०१६ ची डबल ओव्हरटाइमची मॅच, फोर्थ डाउनला ओहायो स्टेटचा जे. टी. बॅरेट पळाला, फर्स्ट डाउन झाला की नाही हा इंच-दोन इंचांचा प्रश्न, रेफरीने दिला, रिव्ह्यूत कायम राहिला, पुढच्याच प्लेला कर्टिस सॅम्युअलचा टचडाउन आणि ओहायो स्टेट ३०-२७. आजही दोन्हीकडचे लोक त्याच फोटोवरून भांडतात. भांडा, हरकत नाही, पण सोबत हेही लिहा की त्या आधी तुमच्या टीमने कुठे कुठे मॅच हातातून सोडली, कारण एका कॉलपर्यंत मॅच आणून ठेवणारे बाकीचे दीडशे प्ले असतात.

मॅच संपल्यावर पहिला मेसेज समोरच्याला अभिनंदनाचा. हरलात तरी, आणि जिंकलात तर "मस्त खेळलात" इतकंच. त्यानंतर अर्धा तास फोन खाली ठेवा, खरंच ठेवा. लोक या अर्ध्या तासात जे लिहितात ते वर्षभर टोचत राहतं, घरातल्या घरात सुद्धा. जिंकलेल्यांनी तर जास्तच सांभाळायचं. २०२४ ला मॅच संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, त्यावरून हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, आणि बिग टेनने दोन्ही युनिव्हर्सिटींना एक-एक लाख डॉलरचा दंड केला. इतकी भारी मॅच, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे व्हिडिओ फिरत होता तो मारामारीचा. मला याचं आजही वाईट वाटतं.

खेळाडूंना टॅग करून शिव्या देणं हे कुठल्याच परिस्थितीत करू नका. किक हुकलेला पोरगा वीस-एकवीस वर्षांचा असतो, तुमच्या-आमच्या घरातल्या त्या हॉस्टेलवरून आलेल्या पोराएवढा. पैज हरलेले लोक खेळाडूंना मेसेज करून छळतात हे इतकं वाढलं की ओहायोने २०२४ ला कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा बंदच केल्या. आपल्या ग्रुपवर कोणी असा स्क्रीनशॉट टाकला तर अ‍ॅडमिनने लगेच काढावा, चर्चा करत बसू नये.

आणि "कोचला काढा" हा मेसेज. हा दर वर्षी कोणत्या ना कोणत्या बाजूने येतोच. २०२० ला मिशिगनने सहापैकी दोनच मॅच जिंकल्या, त्यांचा तेव्हाचा कोच जिम हार्बॉ, त्याला घालवा म्हणून केवढा आरडाओरडा झाला, पुढची तीन वर्षं मिशिगनने ओहायो स्टेटला सलग हरवलं आणि जानेवारी २०२४ ला वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून देशाचं टायटल घेतलं. मग २०२४ च्या त्या १३-१० नंतर ओहायो स्टेटचा कोच रायन डेवर तीच वेळ आली, आणि त्याच टीमने पुढे टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि शेवटी २० जानेवारी २०२५ ला नोत्र दाम, ओळीने चार मॅच जिंकून टायटल उचललं. आता देशाच्या टायटलसाठीच्या प्लेऑफमध्ये १२ टीम असतात, त्यामुळे ही मॅच हरली म्हणजे सीझन संपला हे जुनं गणित राहिलेलं नाही. दुःख तेवढंच होतं, ते होऊ द्या, पण कोचबद्दलचा मेसेज ड्राफ्टमध्ये ठेवा, पुढच्या शनिवारी इंडियानापोलिसला बिग टेनची फायनल होते आणि रविवारी प्लेऑफचा ड्रॉ येतो, तो बघून मग ठरवा पाठवायचा का.

रविवारी सकाळी चहा घेऊन बॉक्स स्कोअर उघडा आणि आपली तीन ओळींची पोस्ट शेजारी ठेवा. स्कोअर बरोबर आला पण कारण वेगळंच निघालं तर ते लिहा, आणि स्कोअर चुकला पण कारण बरोबर होतं तर तेही लिहा, ग्रुपवर अशा दहा पोस्ट आल्या की नवीन मुलांना हा खेळ आपोआप कळायला लागतो. सम वर्षांत मॅच कोलंबसला, विषम वर्षांत अ‍ॅन आर्बरला, त्यामुळे २०२६ ची कोलंबसला आहे, त्या वेळचा नियम-कानूनचा मेसेज ग्रुपवर पिन करायचं काम ज्याने या वर्षी सगळ्यात चांगलं कारण लिहिलं त्याच्याकडे द्या.